आठशे मीटरचं भाकीत

मी स्वतःच स्वतःला स्पीड पोस्टाने पत्र पाठवलं, ही गोष्ट खरी आहे. मात्र ते मी डोक्यावर परिणाम झाल्यामुळे पाठवलं असं आमच्या देऊळगाव राजात जे बोललं जातं, त्यात तथ्य नाही. ते मी पंजाबरावांमुळे पाठवलं. पंजाबराव आमच्या ज्येष्ठ नागरिक मंडळाचे अध्यक्ष. उभा जन्म महसूल खात्यात गेला, त्यामुळे आज सोमवार आहे हेसुद्धा लेखी दाखवल्याशिवाय ते मानत नाहीत.

पण सुरुवात झाली ती माझ्या लेकीच्या फोनवरून. सुचिता पुण्यात असते आणि दर रविवारी अकराला फोन करते. एका रविवारी विषयातून विषय निघाला आणि मी तिला पंचफुलाची शर्यत सांगितली. १९७४ साली सिंदखेड राजाला तालुक्याच्या शालेय स्पर्धा होत्या. मी चोवीस वर्षांची, नवी कोरी मास्तरीण. मुलींच्या आठशे मीटरला वेळ मोजायला मला उभं केलं होतं, कारण ते घड्याळ हातात घ्यायला बाकी सगळे घाबरत होते. साखरखेर्ड्याची पंचफुला नावाची पंधरा वर्षांची पोर होती. अनवाणी, परकर-पोलक्यात. दोन फेऱ्यांची शर्यत, त्यातली दीड फेरी ही सगळ्यांच्या मागे. डावा खांदा असा खाली सोडलेला, जणू कोणी बुटकं माणूस तिच्या कानात काही सांगतंय. आणि मग शेवटच्या वळणावर तिने एकेक करून सातही जणींना मागे टाकलं. दोन मिनिटं एकोणपन्नास सेकंद.

सुचिता म्हणाली, "आई, मागच्या वेळी तू सहाजणी म्हणाली होतीस."

"सातच होत्या."

"बरं, सात. आई, रागावू नकोस, पण एकदा पुण्याला ये. इथे आठवणीची तपासणी करतात. नुसते प्रश्न विचारतात गं, त्यात काही नसतं."

'त्यात काही नसतं' असं ज्या तपासण्यांबद्दल सांगतात, त्यांत काय असतं ते मला आमच्या यजमानांच्या, वामनरावांच्या, वेळी पुरतं कळलं आहे.

फोन ठेवल्यावर, ही शर्यत आता कोणाला विचारता येईल याचा मी विचार करत बसले. हेडमास्तर गेले. चुन्याच्या रेषा मारणारा शिपाई गेला. शिट्टी वाजवणारे गुरुजी यंदा पोळ्याच्या आधी गेले. वामनरावांनी ती शर्यत पाहिली नव्हती, पण माझ्या तोंडून इतक्यांदा ऐकली होती की वेळ पडली असती तर त्यांनी शपथेवर साक्ष दिली असती. तेही आता नाहीत. म्हणजे त्या मैदानावरची उरलेली मी एकटी, आणि माझ्याच शब्दावर तपासणी लागलेली. घरात कोणी नसलं तर माणूस रेडिओ लावतं. आपल्याला आठवतं ते जगात दुसऱ्या कोणालाच आठवत नसलं, तर काय लावायचं ते मला अजून कोणी सांगितलेलं नाही.

बुधवारी पेपरात फोटो आला. जिल्हा अजिंक्यपद स्पर्धा, अठरा वर्षांखालील मुली, आठशे मीटरची अंतिम फेरी, येत्या रविवारी बुलढाण्याला. आठ मुली, खाली नावं आणि गावं. तिसरी मुलगी प्रेरणा, साखरखेर्डा. आणि तिचा डावा खांदा खाली!

मी चष्मा पुसला, पेपर उजेडात नेला, भिंगातून पाहिलं. खांदा खालीच. पंचफुलाची नात! गुण घराण्यात उतरतो. नाक उतरतं, टक्कल उतरतं, चहा बशीत ओतून पिण्याची सवय उतरते, तर धावणं का उतरू नये? आणि तिथेच मला ती कल्पना सुचली. आठवण तपासता येत नाही, पण भाकीत तपासता येतं. ही पोर मागे राहून शेवटच्या वळणावर जिंकली, की तिची आजीही तशीच जिंकली होती, म्हणजे माझं डोकं ठिकाणावर आहे. विज्ञानात याला काय म्हणतात ते मला माहीत नाही. मी मराठी आणि इतिहास शिकवत असे.

लगेच सुचिताला फोन लावला. बुधवार असल्यामुळे ती आधी घाबरली. सगळं ऐकून म्हणाली, "ठीक आहे. ती मुलगी जिंकली तर मी तपासणीचं नाव काढणार नाही. हरली तर डिसेंबरात यायचं. कबूल?"

"कबूल," मी म्हणाले.

संध्याकाळी बालाजीच्या देवळाबाहेर मंडळ जमतं तिथे मी हे सांगितलं. पंजाबरावांनी डोळे मिटले. ते डोळे मिटतात तेव्हा आत कुठेतरी फाईल उघडत असते.

"मनकर्णाबाई," ते म्हणाले, "निकालानंतर कोणीही म्हणतं, मी आधीच म्हटलं होतं. लेखी पाहिजे. बंद लिफाफा. वर सरकारी तारखेचा शिक्का."

म्हणून गुरुवारी मी पोस्टात गेले. खिडकीतल्या मुलाने लिफाफा घेतला.

"पाठवणार?"

"मनकर्णाबाई."

"घेणार?"

"मनकर्णाबाई."

त्याने मान वर केली. "पत्ता एकच हाय, बाई."

"एकाच घरात राहतो आम्ही," मी म्हणाले. माझा आवाज थोडा चढला असावा.

"नाही, पण तुमी आता घरीच जाता ना? मंग हातानंच घेऊन जा की. कायले खर्च करता?"

मागच्या रांगेत तोवर सल्लागार समिती स्थापन झाली होती. एकाने सांगितलं की व्हॉट्सअॅपवर स्वतःला मेसेज पाठवता येतो, फुकट. दुसऱ्याचं म्हणणं असं की मावशीला बसायला खुर्ची द्या, पाणी द्या, आणि घरच्या कोणाला तरी बोलवा. मी पावती घेऊन ताठ मानेने बाहेर पडले. वाटेत हिशेब लागला की वामनराव गेल्यापासून बँक आणि वीज कंपनी सोडून मला आलेलं हे पहिलंच पत्र असणार. पत्रात काय लिहिलंय ते मला पाठ होतं, तरी शुक्रवारी सकाळी मी पोस्टमनची वाट पाहत होते, हे कबूल केलं पाहिजे.

तो आला तेव्हा मी नेमकी अंघोळीला गेले होते. शेजारच्या केसरबाईंनी सही करून पत्र घेतलं. केसरबाईंचं घर शेतीवालं, दारात दोन म्हशी, मन मोठं आणि आवाज त्याहून मोठा. मी बाहेर आले तर लिफाफा फुटलेला, आणि केसरबाई ओट्यावर उभ्या राहून माझं भाकीत गल्लीला वाचून दाखवत होत्या.

"अहो केसरबाई! बंद लिफाफा होता तो!"

"मले वाटलं कोणी गेलं!" केसरबाई म्हणाल्या. "एवढ्या घाईचं पत्र तुमाले दुसरं काऊन येईन? मी तर रडाची तयारी ठेवली होती. हे तं पोरीईच्या पयन्याचं निघालं."

शासकीय पुरावा गेला, पण गल्ली आली. दुपारपर्यंत बातमी अशी झाली की बाईंना पोरीचा फोटो पाहून निकाल कळतो. संध्याकाळी माझ्या ओसरीवर अकरा माणसं होती. कोणाला मुलाची नोकरी विचारायची होती, कोणाला सोयाबीनचा भाव. एका सासूने सुनेचा फोटो आणला आणि "पाहा बरं, वेगळी निघते काय" असं विचारलं. मी सगळ्यांना सांगितलं की मी भविष्य सांगत नाही, मला फक्त मागचं आठवतं. त्यावर सगळ्यांनी समजूतदारपणे मान हलवली आणि पुन्हा तेच विचारलं. वामनरावांच्या तेराव्यानंतर माळ्यावर टाकलेलं चहाचं मोठं पातेलं मी खाली काढलं. खोटं कशाला बोलू, मला ते दोन दिवस फार बरे गेले.

केसरबाईंचं माहेर जळगाव जामोदकडचं. तिकडे अक्षय्य तृतीयेला शेतात धान्य मांडून पावसापाण्याचं पाहतात. केसरबाईंचं मत पडलं की माझा अंदाज पक्का करून घ्यावा. हंगाम नव्हता, शेत नव्हतं, विषय पावसाचा नव्हता, पण त्यांनी शनिवारी माझ्या गच्चीवर राखेचं गोल मैदान आखून आठ मुलींचे आठ ढीग मांडले. प्रेरणेला गहू, बाकीच्यांना मूग, तूर, करडई जे घरात होतं ते. कोणता ढीग हलला त्यावरून निकाल. मी नको नको म्हणत असताना त्यांनी मला हळदी-कुंकवाचा करंडा धरायला लावला. रविवारी पहाटे वर जाऊन पाहिलं तर खारींनी पाचजणी खाऊन टाकल्या होत्या. गहू त्यांत पहिला.

"म्हणजे पोरगी हरते?" मी घाबरून विचारलं.

"नाई वं माय," केसरबाई जराही न डगमगता म्हणाल्या, "सगळ्याईच्या आधी गेली ना? म्हंजे पहिली."

रविवारच्या सकाळी आम्ही सातजण एसटीने चिखलीमार्गे बुलढाण्याला निघालो. पंजाबरावांच्या पिशवीत शाल, नारळ आणि दोन खिशांत दोन कागद होते. कसले कागद ते विचारल्यावर त्यांनी शांतपणे सांगितलं, "एक अभिनंदनाचं भाषण आणि एक सांत्वनाचं. तयारी दोन्ही बाजूंनी असावी."

बुलढाण्याला थंडी चांगली पडली होती. आम्ही मैदानाच्या कडेला सतरंजी टाकली. पोरी गरम होण्यासाठी उड्या मारत होत्या. मी जुन्या अधिकाराने एकेकीला पाहत गेले. प्रेरणा गोरी, आटोपशीर. जवळून पाहिलं तर खांदा तितकासा खाली वाटेना, पण थंडीत खांदे वर येतातच. रांगेच्या शेवटी एक उंच, सावळी, हातापायाने सुटलेली मुलगी होती. समता, वडनेर भोलजी, असं लाउडस्पीकरवर सांगितलं. तिची कोपरं अशी बाहेर यायची की शेजारणीला विमा काढावा लागावा.

"हिच्या सात पिढ्यांत," मी माझं तज्ज्ञ मत दिलं, "कोणी एसटीमागेसुद्धा धावलेलं नसणार."

केसरबाईंना हे इतकं आवडलं की त्यांनी ते मोठ्याने पुन्हा म्हटलं. त्या मुलीने वळून पाहिलं. मी सतरंजीची सुरकुती सारखी करू लागले.

बार झाला. ती समता तर अशी सुटली की मागे कुत्रं लागलंय. पहिल्या वळणालाच सगळ्यांच्या पुढे. आणि प्रेरणा? प्रेरणा तिसरी! तिने शेवटी असायला हवं होतं. पंचफुला दीड फेरी मागे होती. ही इथून जिंकली तरी माझ्या बाजूने काय सिद्ध होणार?

"मागे राहा!" मी उठून ओरडले. "प्रेरणा, मागे राहा गं! हळू!"

आजूबाजूचे लोक पाहू लागले. साखरखेर्ड्याहून आलेल्या एका गृहस्थाने विचारलं, "बाई, तुमी कोन्या गावच्या?" पंजाबराव माझा पदर ओढून बसा बसा म्हणत होते. दुसऱ्या फेरीत समताचा दम संपला आणि तिला एकेक मुलगी ओलांडून जाऊ लागली. मी आपली प्रेरणेला हळू करत होते. तिने माझं काही एक ऐकलं नाही. शेवटच्या वळणावर दोघींना मागे टाकून ती चार पावलांनी जिंकली. समता सगळ्यांत शेवटी आली.

मग जो काही गोंधळ झाला! केसरबाईंनी मला कवेत घेतलं. पंजाबरावांनी उजव्या खिशातला कागद काढला, मला शाल घातली आणि दूरदृष्टी या विषयावर बोलले. लोकांना वाटलं विजेत्या मुलीची आजी असणार, म्हणून अनोळखी माणसांनीही टाळ्या वाजवल्या. सुचिताला मी फोन लावला. ती हसत होती. "जिंकलीस बाई तू! तपासणी रद्द."

शाल सावरत मी प्रेरणेकडे गेले. ती पाण्याची बाटली तोंडाला लावून बसली होती.

"बेटा, पंचफुलाची नात ना तू?"

"कोन पंचफुला?"

"तुझी आजी. साखरखेर्ड्याची. चौऱ्याहत्तर सालच्या शर्यतीत..."

"माही आजी तर मेहकरची हाय," ती म्हणाली. "लग्न करून साखरखेर्ड्याले आली. तिले तर जिना चढतानी दम लागते."

लग्न करून आली! अहो, मी स्वतः बाईमाणूस. माझं माहेर एक, सासर दुसरं, नोकरीची गावं सतरा. मुलगी जन्मल्या गावात राहत नाही, हे मला कोणी शिकवायला हवं होतं का? पंचफुलाचंही लग्न झालं असणार, ती कुठेतरी गेली असणार, तिची नातवंडं त्या दुसऱ्या गावची असणार. पण माझ्या डोक्यात ती पंधरा वर्षांचीच होती आणि पन्नास वर्षं साखरखेर्ड्यातच थांबली होती.

मी पंजाबरावांना गाठलं. "माझं चुकलं. ती पंचफुलाची कोणी नाही."

"निकाल बरोबर आला ना?"

"निकाल आला. कारण चुकलं."

"कारणाचा रकाना नव्हता," ते म्हणाले आणि नारळ फोडायला दगड शोधू लागले.

केसरबाईंनाही सांगून पाहिलं. "राहू द्या वं," त्या म्हणाल्या आणि माझ्या तोंडात पेढा कोंबला. सुचिताला पुन्हा फोन करायचं मनात होतं. नंबर काढला आणि ठेवून दिला. तिने मला सोडून दिलं होतं. प्रश्न असा होता की आता मी मला सोडत नव्हते. खांदा मला दिसला होता तो होता का? सातजणी होत्या का? मुळात पंचफुला तरी होती का? एवढ्या माणसांनी शाल घालून वेढलेली असताना मला त्या मैदानावर जितकं एकटं वाटलं, तितकं माझ्या रिकाम्या घरात कधी वाटलं नव्हतं.

जाऊन कुठेतरी टेकावं म्हणून मी कुंपणाजवळच्या पायरीकडे गेले. तिथे ती शेवटची आलेली समता बूट काढत बसली होती. उठून जाणं बरं दिसलं नसतं, म्हणून बसले.

"मघाशी मी बोलले ते चुकीचं होतं," मी म्हणाले. "धावण्याबद्दल मला काही कळत नाही. आजच सिद्ध झालं."

"तुमी तिले पंचफुलाची नात म्हणत होत्या ना?" तिने बुटाकडे पाहतच विचारलं. "साखरखेर्ड्याची?"

"हो."

"माह्या आजीचं नाव पंचफुला हाय. तिचं माहेर साखरखेर्डा. पण ते कायची पयते? घरी तर कोणाले काहीच नाई सांगतलं."

मी तिला सिंदखेड राजाची शर्यत आणि माझ्या हातातलं घड्याळ, सगळं एका दमात सांगून टाकलं. तिने पोटरी चोळत चोळत फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. "आजी, इथं एक बाई हायेत. म्हणतात तू सिंदखेडच्या शर्यतीत पयाली होती. ह्या घड्याळ घेऊन उभ्या होत्या."

पलीकडून आधी कोंबड्यांचा आवाज आला. मग एक जाड, खरखरीत आवाज म्हणाला, "उंच? वेणीले लाल फीत?"

"आता फीत नाही," मी म्हणाले.

"अवं माय! बाई! जित्त्या हायेत काय तुमी अजून?"

वर्षानुवर्षं माझी प्रकृती विचारणारे पुष्कळ भेटले, पण इतक्या आनंदाने कोणी विचारलं नव्हतं. मी एकदम मुद्द्यावर आले. "पंचफुला, तुझ्यापुढे किती जणी होत्या? नीट आठवून सांग."

"सात. मले धरून आठ. आठवाचं काय त्यात?"

मी शालीच्या टोकाने चष्मा पुसला. "आणि तू मुद्दाम मागे राहिली होतीस. डावा खांदा खाली, आणि मग शेवटच्या वळणावर..."

"मुद्दाम कायची!" ती ओरडली. "परकराची नाडी सुटली होती! डाव्या हातानं धरून पयत होती दीड चक्कर, म्हून खांदा खाली. मंग कशीबशी गाठ बसली तवा दोनी हात सुटले, अन् म्या धूम ठोकली."

समता पायरीवर आडवी होऊन हसत होती. घराण्याच्या गुणाचा माझा सिद्धांत एका नाडीसरशी सुटला, पण मला त्याचं काही वाटलं नाही.

"तरी दोन मिनिटं एकोणपन्नास सेकंद म्हणजे..." मी म्हणाले.

"ते तर बोलूच नका, बाई. तुमी घड्याळ दाबाचंच इसरल्या होत्या. तोंड उघडं टाकून मलेच पाहत होत्या. हेडमास्तर येऊन राह्यले पाहून मंग झटकन दाबलं. म्या पाह्यलं हाय."

आता हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. हेडमास्तरांना नाही, वामनरावांना नाही, लेकीला नाही, आणि वर तुम्हालाही नाही. एक्कावन्न वर्षं ते मला एकटीला माहीत होतं, आणि अलीकडे मलाही आठवेनासं झालं होतं.

"दोन-तीन सेकंदांचा फरक पडला असेल," मी म्हणाले.

"दहा!"

"तीन."

"दहा, बाई! म्या पाणी पिऊन आली होती तवर!"

फाटकाकडून केसरबाई हाका मारत होत्या, "बाई, चला वं, गाडी लागली!" पंजाबराव मनगटावरचं घड्याळ उंच धरून दाखवत होते. मी त्यांना हाताने खूण केली, तुम्ही व्हा पुढे, मी मागच्या गाडीने येते.

"चार," मी फोनमध्ये म्हणाले. "चाराच्या वर एक नाही."